बदलीवर आलेलं नाक

एकतीस वर्षं मी उदगीरच्या कॉलेजात
केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये परिचर होते.
कुणी अमोनियाचं बूच सैल ठेवलं
की मला व्हरांड्यातच कळायचं.
पोरं म्हणायची, बिरादारबाईंचं नाक
हे लॅबमधलं सगळ्यात भारी उपकरण,
आणि त्याची निविदाही काढावी लागली नाही.

मग तो ताप आला, चौदा दिवसांचा.
जाताना नाक घेऊन गेला.
आता अगरबत्ती आणि रॉकेल
माझ्या दारात एकाच पायरीवर उभे राहतात.

गॅसवर दूध होतं. मी शेजारच्याच खोलीत
पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावर सही करत होते,
जिवंत आहे म्हणून लिहून देत होते.
मागच्या घरची मिस्बा दार बडवत आली,
"मौशी, जळतंय! वास नाही का येत?"
पातेलं काळंठिक्कर.

लातूरहून भाच्यानं, मन्मथनं,
छताला लावायची पांढरी डबी पाठवली.
ती पहिली डबी नुसती कजागीण.
जिऱ्याची फोडणी दिली, बोंबलली.
भाकरीचा पदर करपला, बोंबलली.
चौथ्या दिवशी मी तिच्या तोंडाला
पिशवी बांधली, वरून रबर.
आठ महिने एका छताखाली
आम्ही दोघी बिननाकाच्या.

दिवाळीला मन्मथ आला, वर बघितलं,
काही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी इलियास मिस्त्री शिडी घेऊन हजर.
"ही नव्या नियमांची, बाई. हिला शिकवलंय,
फोडणीचा धूर वेगळा, गादीचा वेगळा.
बॅटरी आतच बंद केलेली,
घड्याळात घालायला कुणी काढणार नाही.
आणि चुलीच्या डोक्यावर नाही लावायची,
झोपायच्या खोलीच्या दाराशी लावायची."
कुठल्या धुरावर शिकवलं, मी विचारलं.
तोंडात स्क्रू धरून तो म्हणाला,
"परदेशात, लॅबमध्ये. पावात घालायचं मांस करपवतात म्हणे."

मला कधी न पाहिलेला
तिथला परिचर दिसला,
शंभरावा तुकडा करपवून झाल्यावर
तवा घासत बसलेला.

पण आमची येळवस?
भज्जीवरची लसणाची फोडणी,
तव्यावरच्या मिरचीचा खकाणा,
यावर कुणी परीक्षा घेतली?
मीच घेतली. खिडक्या लावल्या,
पंखा बंद, तव्यावर मूठभर लवंगी.
वास नाहीच. डोळ्यांना धार,
घशात ठसका, नुसता मार.
अंगणात मिस्बा शिंकत होती,
इलियास रुमालात तोंड खुपसून.
डबी गप्प. हिरवा ठिपका तेवढा लुकलुकत.

मग खिडक्या उघडल्या. घमेल्यात
जुन्या गादीचा कापूस धुमसत ठेवला,
शेजारी पाण्याची बादली.
"बाई, असं कुणी करत नसतं हो!"
मी म्हटलं, लॅबमध्ये करतात.
तो वाक्य पुरं करेस्तोवर
डबीनं अशी आरोळी दिली
की समोरच्या लिंबावरचे पारवे उठले
आणि मिस्बाची आजी चप्पल न घालता बाहेर आली.
तिला नंतर चहा द्यावा लागला.

उतरताना इलियासनं सांगितलं,
मागं तारीख छापलीय, दहा वर्षांनी बदलायची.
चालत असली तरी?
चालत असली तरी.
मलाही चालू असतानाच काढलं होतं,
हार घालून.

बाटल्यांची लेबलं लिहायचे त्याच अक्षरात
मी एक चिकटवलं तिच्या बुडाशी.
नाव: नाक. बदलीवर.
रुजू: मार्गशीर्ष अमावास्येच्या आदल्या दिवशी.

दर एक तारखेला, पेन्शन जमा होते त्या दिवशी,
स्टुलावर चढून, मिस्बाला स्टूल धरायला लावून
बटण दाबते.
वरून ती ओरडून सांगते,
आहे, आहे, आहे.